लग्नाची मुलगी आणि खोकला

उपासनी सरांचा कुणावरच विश्वास नव्हता. नेरूळच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा सगळ्या चांगल्या जागा कमिटीवाल्यांनाच लागल्या म्हणून या गृहस्थाने चिठ्ठ्या परत काढायला लावल्या. श्यामसुंदर उपासनी, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या बायकोशी, अरुणाशी, माझी चांगली मैत्री. सरांशी कुणाची असणार?

आणि नेमकी माझ्या भाचीची, ऋताची, गाठ त्यांच्याशी पडली. सत्त्याण्णव साली तिची पीएच.डी. संपत आली होती. विषय, नावडे गावात कारखान्यांतून घरांपर्यंत येणारा धूर आणि खोकला. ती घरोघर फिरली, माहिती जमवली, गणिती मॉडेल बसवलं. आकडेमोड तपासून सरांनी सही दिली की प्रबंध पुढे जाणार होता.

सरांनी तिला घरी बोलावलं. सोबत मीही गेले.

"धूर जास्त तिथे खोकला जास्त, हे ठीक," सर म्हणाले. "पण हे काय? ज्या घरात लग्नाची मुलगी, त्या घरात खोकला जवळजवळ नाहीच. शेजारच्या घरात आहे, भिंतीला भिंत लागून. मुली काय धूर गाळतात?"

"सर, लोकांनी सांगितलं तेच लिहिलंय."

"लोकांनी सांगितलं, की तू घरी बसून भरलंस? बनवलेला डेटा असाच कुठेतरी उघडा पडतो. मी सही देणार नाही. वर तुझ्या गाइडला कळवणार."

ऋता रडायलाच लागली. माझं डोकं असं फिरलं की समोरचा चहा मी तसाच ठेवला. आत अरुणा खोकत होती. "फोडणीचा ठसका गं," तिने तिथूनच सांगितलं.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! चोरी रंगेहाथ पकडायची म्हणून शनिवारी ते न कळवता नावड्याला निघाले. ऋताला सोबत नेलं, पण तोंड उघडायचं नाही अशी तंबी देऊन. तिथे काय झालं ते तिनेच मला सांगितलं.

पहिलंच घर गोजराबाईंचं. त्यांची उन्नती लग्नाची. सर ओट्यावर बसले आणि त्यांनी थेट विचारलं, "घरात कुणाला खोकला?"

"नाय. आमच्या घरान कोनाला नाय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ आली. थांबेचना. सरांनी दाराकडे पाहिलं, मग गोजराबाईंकडे.

"मग हे कोण?"

गोजराबाई पदर सावरत जवळ सरकल्या. "मास्तर, हलू बोला. पोरीचा बाप हाय. पोरीला बघाला पावनं येतान. घरान दम्याचा आजार हाय सांगलं त कोन करील तिला? पोरीचा जमू दे, मंग नेऊ दवाखान्यान." मग त्यांनी सरांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी तरी सांगाल काय तुमच्या घरचा?"

सर ओट्यावरून उठले. परतीच्या रिक्षात ते म्हणाले, "ऋता, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. चुकलं माझं. तुझा डेटा खरा आहे, उत्तरं खोटी आहेत. ती का खोटी, हे प्रबंधात लिही. सही देतो."

त्या संध्याकाळी मी अरुणाकडेच होते. रविवारी तिच्या मुलीला, गीतांजलीला, बघायला कामोठ्याची मंडळी यायची होती. आम्ही दोघी लाडू वळत होतो. सर आले आणि आपल्याच विचारात हॉलमध्ये बसले. इतक्यात अरुणाला उबळ आली. तिने पदर तोंडावर दाबला, पण खोकला आवरेना. शेवटी तिने ओट्याचा आधार घेतला.

सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"फोडणीचा ठसका," अरुणा कशीबशी म्हणाली.

सरांनी शेगडीकडे पाहिलं. गॅस बंद होता, वर एकही भांडं नव्हतं. मी मान खाली घालून लाडू वळत राहिले. फोडणीवर माझाही विश्वास कधीच नव्हता, पण मी विचारलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मोठं काही नाही हो. गीताचं जमू दे आधी, मग दाखवू डॉक्टरांना."

सर पुढे आले. मग त्यांनी तिच्या हातातला लाडू काढून ताटात ठेवला.

"पाहुण्यांना काय ते मी सांगतो," ते म्हणाले. "तू चपला घाल."