त्या पानावर अजून कोण आहे?

त्या मुलीची आठवण झाली की आजही मी हातातला मोबाईल उपडा ठेवते. पोलीस खात्यातली नोकरी सोडून मला आता काही वर्षं झाली. का सोडली, हा वेगळा विषय आहे. तेव्हा मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कमी बोलणारी, म्हणून कॉम्प्युटरचं काही आलं की आमचे हवालदार ते माझ्याकडे ढकलत. "मॅडम, हे तुमच्यातलं."

तक्रार घेऊन ती स्वतः आली नव्हती. तिच्या मैत्रिणीने ठाण्यात फोन केला. "ती कंप्लेंट करणार नाही. घरी कळलं तर वडील नोकरी सोडायला लावून परत नेतील. पण मॅडम, ती जेवत नाहीये. तुम्ही एकदा बोला."

ती एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर होती. राहायला मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत. मी तिला ठाण्यात बोलावून घेतलं आणि जबाबासाठी आतल्या खोलीत बसवलं. तिने आधी खुर्ची ओढून भिंतीला टेकवली, दार समोर राहील अशी. माणूस किती घाबरलाय हे त्याच्या बोलण्यापेक्षा तो कुठे बसतो यावरून लवकर कळतं.

"काय होतं नेमकं?"

"जेवण येतं."

"म्हणजे?"

"आधीच्या घरी यायला लागलं, म्हणून मी घर बदललं. आईलासुद्धा पत्ता सांगितला नव्हता. सामान लावतेय तोवर बेल वाजली. साबुदाण्याची खिचडी, कूट न घातलेली. मला दाणे चालत नाहीत. वर चिठ्ठी. 'घर छान आहे. खिडकीला पडदे लाव.'"

तिने ते घरही सोडलं. नव्या घरी पुन्हा बेल वाजली. जेवण ज्या हॉटेलातून आलं तिथे आम्ही चौकशी केली. कोणीतरी रोख पैसे देऊन पत्ता सांगून गेलं होतं. कॅमेऱ्यात दिसली फक्त टोपी आणि मास्क. शेवटची चिठ्ठी तिने माझ्यासमोर ठेवली. 'गुरुवारी तू एकटीच आहेस.' त्या दिवशी मंगळवार होता.

पहिला संशय तिने नकार दिलेल्या एका स्थळावर गेला. त्याच भागातला जमीनवाला मुलगा. त्याला ठाण्यात आणला तेव्हा त्याचे काका बरोबर होतेच. पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, नकार आला त्याच्या दुसऱ्या रविवारी मी दुसरी पोरगी बघितली. आता माझा साखरपुडा हाय. हिला खिचडी कशाला धाडू?"

"आम्ही लग्नातसुद्धा कुणाला धड जेवायला घालत नाही," काका म्हणाले.

हवालदार हसले. मला हसू आलं नाही, कारण पोरगा खरं बोलत होता आणि आमच्याकडे दुसरं नाव नव्हतं.

बुधवारी सकाळी मी साध्या कपड्यांत तिच्या कंपनीत गेले. तीही कामावर आली होती. सगळे तिच्याच वयाचे आणि मनापासून काळजीत. टीम लीडने अभिमानाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मॅम, आम्ही तिच्यासाठी प्रॉपर सिस्टीम केलीये."

या लोकांचं सगळं काम एका ॲपवर चालतं. मीटिंगची टिपणं, कामांची यादी, सुट्ट्या, चहाचा हिशेबसुद्धा. एकाने लिहिलं की सगळ्यांना त्याच क्षणी दिसतं. पहिल्यांदा जेवण आलं तेव्हाच तिच्या सुरक्षेसाठीही त्यांनी तिथे एक पान उघडलं होतं. नवा पत्ता, कोणत्या दिवशी कोण सोडायला जाणार, कोणत्या रस्त्याने, तिला खायला काय चालतं, जादा किल्ली दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात. गुरुवारचा रकाना रिकामा होता.

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"हे कोण बघू शकतं?"

"टीम."

"टीम म्हणजे कोण?"

"म्हणजे... टीम, मॅम. आम्हीच."

त्या ॲपमध्ये जो कोणी पान उघडून बसलेला असतो, त्याचा फोटो वरच्या कोपऱ्यात एका लहान गोलात दिसतो. तिथे अशा गोलांची रांग होती. मी म्हटलं, "सगळ्यांनी लॅपटॉप बंद करा. मोबाईलही टेबलावर ठेवा." फक्त मुलीचा लॅपटॉप चालू ठेवला. एकेक गोल विझत गेला. तिचा राहिला. आणि त्याच्या शेजारी आणखी एक राहिला, चष्मा लावून हसणाऱ्या माणसाचा.

मी त्या गोलावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

टीम लीडने वाकून बघितलं. "आमचे जुने मॅनेजर. दिवाळीत सोडून गेले."

"मग इथे कसे?"

"व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं. यातून काढायचं राहिलं. सगळी पानं त्यांनीच बनवलेली, ती उडाली असती तर..."

तो गोल त्यांना रोज दिसत होता. पण इतकी वर्षं तो चेहरा त्या रांगेत होता, की तो नसता तरच कुणाच्या लक्षात आलं असतं.

एक मुलगा त्याला काढून टाकायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला. मग मुलीला म्हटलं, "तुम्ही नेहमी लिहिता तसं लिहा. उद्या दुपारी बुधवार पेठेत, नेहमीच्या दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला. एकटी." तिने लिहिलं. शेजारचा गोल तसाच हसत राहिला. तो वाचतोय हे आम्हाला दिसत होतं. आम्ही बघतोय हे त्याला माहीत नव्हतं.

गुरुवारी तो तिच्या आधी येऊन दुकानासमोर उभा होता. मुलगी रिक्षातून उतरली, तो दोन पावलं पुढे आला आणि आमच्या हवालदारांनी त्याला मागून धरलं. त्याने झटापट केली नाही. अंगझडतीत खिशात एक किल्ली मिळाली. पंचांसमक्ष आम्ही ती मांजरीच्या फ्लॅटला लावून पाहिली. दार उघडलं. ते पाहून मुलगी आत न येता जिन्यातूनच परत फिरली.

चौकशीत तो सभ्यपणे बोलत होता, मला 'आपण' म्हणत होता. "मी काहीही हॅक केलेलं नाही. पासवर्ड माझा, अकाउंट माझं. मला कुणी जा म्हटलंच नाही."

इतक्या जबाबांत मला खरी भीती वाटली ती या वाक्याची. कारण ते खोटं नव्हतं. पोलिसात आम्हाला तुटलेली कडी आणि वाकवलेला गज शोधायला शिकवतात. इथे काहीच तुटलं नव्हतं. तिच्यावर माया करणाऱ्यांनी तिची सगळी माहिती एका जागी नीट लावून ठेवली होती, आणि गेलेल्या माणसाच्या मागे दार लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून कोणी काळजीपोटी माझी माहिती विचारली तरी मी आधी विचारते, ती कोणाकोणाला दिसणार आहे. लोकांना ते लागतं. लागू दे.

आरोपपत्र गेलं. तिची नोकरी टिकली. वडील आले, चार दिवस राहिले आणि तिला न घेता परत गेले. पुढे मी खात्यातून बाहेर पडल्यावर एकदा सहज तिला फोन केला.

"नवं घर मिळालं का?"

"मिळालं, मॅडम."

"कुठे?"

"पुण्यातच आहे," ती एवढंच म्हणाली.

मला फार बरं वाटलं. पुढे मी काही विचारलं नाही.