धुतलेलं जहाज

शिडीवर असताना मी फोन घेत नाही. लायटिंगच्या धंद्यात हा नियम आपला आपणच घालून घ्यावा लागतो. त्या दिवशी श्रीरामपुरात एका गणेश मंडळाच्या कमानीवर माळा चढवत होतो. फोन खिशात वाजला, थांबला, पुन्हा वाजला. अविनाशच असणार, जहाजाच्या वार्निशचं काहीतरी डोक्यात आलं असणार, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. खाली उतरून पाहिलं तर नंबर त्याचाच होता, पण परत लावल्यावर बोलला त्याचा शेजारी. सुप्याच्या कंपनीतली पाळी सुटल्यावर अविनाश बसमध्ये बसला, खिडकीला डोकं टेकवलं, आणि गावचा फाटा आला तरी उठला नाही... एवढंच तो म्हणाला. मी पुन्हा शिडी चढलो आणि उरलेली माळ लावली. का लावली ते मला अजून सांगता येत नाही.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. त्याचे वडील लवकर गेले, लग्न जमलं नाही, घरात तो आणि त्याची आई, म्हणजे आमच्या काकू. कंपनीत तो रंगखात्यात तपासनीस होता. रंगवून आलेला प्रत्येक भाग उजेडात फिरवून बघायचा आणि ओरखडा दिसला की बाजूला काढायचा. आणि हाच गडी घरी येऊन, चष्मा कपाळावर चढवून, प्लॅस्टिकच्या अवकाशयानावर मन लावून ओरखडे पाडत बसायचा. खोक्यातून सुटे भाग यायचे, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. अशी लहानसहान यानं त्याने बरीच केली आणि वाटून टाकली. हे शेवटचं मात्र हातभर लांबीचं, पोट सुटलेलं, मालवाहू. आम्ही त्याला जहाजच म्हणायचो. पोरीकडचे पाहुणे यायचे असले की काकू ते पलंगाखाली सरकवून वर गोधडी सोडायच्या, कारण बाप्याच्या जातीने खेळणी करत बसावं हे त्यांना सांगायला लाज वाटायची. पुढे पाहुणे येईनासे झाले आणि जहाज टीव्हीशेजारच्या फळीवर कायमचं आलं.

दिव्यांचं काम माझ्याकडे होतं. गावभर कमानी उजळणारा माणूस मी, पण त्या जहाजाच्या खिडक्यांनी माझा घाम काढला. खिडकी मोहरीएवढी, तिच्यात बल्ब बसवणार कुठे? शेवटी जत्रेत मिळतो तो केसांसारख्या तारांचा दिवा मोडला आणि एकेक तार एकेका खिडकीत ओवली. पहिल्यांदा पांढरा उजेड लावला तर त्याने तोंड वाकडं केलं.

"ट्यूबलाइट नको रं. आत मानसं हायेत, पाळीवरची. दमल्यात. चहा ठिवला आसंल कुनीतरी."

मग मी पिवळा लावला, तोही कमी करून. दिवे लागले आणि त्या प्लॅस्टिकमध्ये खरंच कुणीतरी जागं आहे असं वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडे बघून नुसता हसत होता.

पण त्याचा खरा जीव होता मळवण्यात. नवं कोरं जहाज त्याला सोसवत नसे. चाळीस वर्षं माल वाहिलेलं दिसलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. त्यासाठी तो मला नगर-पुणे रस्त्यावरच्या धाब्यावर घेऊन जायचा आणि चहा सोडून उभ्या ट्रकांभोवती फिरायचा. एकदा टँकरखाली वाकलेला बघून ड्रायव्हर पाना घेऊनच उतरला. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, आणि हा आपला खालूनच मला ओरडून सांगतोय, "हे बघ, जिथं रोज हात लागतो, तिथं मळ बसत न्हाई." घरी येऊन तो ते सगळं जहाजावर उतरवायचा. आधी गंजाचा रंग, त्यावर काकूंच्या बरणीतलं जाडं मीठ, वरून राखाडी रंग. वाळल्यावर मीठ खरवडलं की रंगाचे पोपडे उडाल्यासारखे दिसायचे. त्यावर चुलीची काजळी, गेरू आणि शेतातली वस्त्रगाळ माती, सगळं कोरडं, बोटाने आणि ब्रशने चोळलेलं. कुठला डाग कशाने पडला याची त्याच्याकडे गोष्ट असायची.

गेल्या वर्षी घरच्या गणपतीला त्याने ते आरासीत ठेवलं. काकू ताडकन म्हणाल्या, "देवाफुडं आसलं मळकं ठिवत्यात व्हय?" आणि ओलं फडकं घेऊन आल्या. आयुष्यात कधी आईला नाही न म्हणालेला अविनाश फडक्याच्या आड उभा राहिला. जहाज फळीवर गेलं, देवापुढे पुठ्ठ्याचं देऊळ आलं. तुला एकदा बसून सगळं सांगतो, असं तो तिला म्हणाला होता.

या साऱ्यावर शेवटचा हात वार्निशचा. ते मारलं की माती आणि काजळी कायमची धरून राहते. पण मळवणं यंदाच्या पावसाळ्यापर्यंत चाललं, आणि दमट हवेत मारलं तर ते पांढरट पडतं, म्हणून त्याने ते दसऱ्यानंतर मारायचं ठरवलं होतं. डबा आणून ठेवला होता. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

दहाव्याला घाटावरून मी त्याच्या घरी गेलो. सुतक फिटायचं म्हणून भावकीतल्या बायकांनी घर धुऊन काढलं होतं. गोधड्या, भांडी, पडदे, सगळं अंगणात. आणि ओट्यावर, उन्हात, टॉवेलवर जहाज. पाणी निथळत होतं. स्वच्छ. दुकानातल्या बाहुलीसारखं स्वच्छ.

काकू शेजारीच बसल्या होत्या. ते त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. साबण लावून, त्याच्याच ब्रशने, फटीफटीतून स्वतः धुतलं होतं.

"त्याची लई आवडती वस्तू. मळकी कशी ठिवू, रफिक? लेकराला न्हाऊ घालावं तसं धुतलं बघ."

मित्राच्या मातीला रडलो नव्हतो इतका मी त्या ओट्यावर रडलो. त्यांना वाटलं, मी त्यांच्या लेकासाठी रडतोय. ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. त्याची बोटं जिथे जिथे फिरली होती ते सगळं मोरीतून वाहून गेलं होतं, आणि ते ज्या हातांनी गेलं त्या हातांवर मला रागही धरता येत नव्हता. मिठाचे पोपडे तेवढे राहिले होते. दिवे लावून पाहिले, तर एका बाजूच्या खिडक्या लागल्याच नाहीत.

नंतर मी खूप प्रयत्न केले. त्याची काजळीची डबी होती, गेरू होता, माती होती. धाब्यावर जाऊन ट्रक पाहिले, फोटो काढले. पण मी लावलेला डाग नुसता डाग दिसतो. त्याला गोष्ट नाही. दोनदा लावलं, दोनदा पुसलं. दुसऱ्यांदा पुसताना काकू दारात उभ्या होत्या, आणि आपण धुतलं तो मळ नव्हता, लेकाच्या हातचं काम होतं, हे त्यांना कळलं. मला लपवता आलं नाही. त्या आत गेल्या आणि मोरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्याने बसून सांगायचं ते मी असं उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं.

त्या दिवसापासून त्या फळीला फडकं लावत नाहीत. आयुष्यभर फडकं हातात असलेली बाई! टीव्ही पुसतात, फोटोचा हार सरळ करतात, जहाजाला वळसा घालतात. आता पाऊस सरला आहे, हवा कोरडी झाली आहे. वार्निशला हवी होती अगदी तशी... दार उघडं ठेवलं की रस्त्याची धूळ घरभर येते. परवा गेलो तेव्हा जहाजावर ती सारखी बसलेली होती, पिठासारखी, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. ही त्याची धूळ नव्हे, आणि कितीही बसली तरी होणार नाही, हे मला कळत होतं. काकू मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आलं का त्यानं केल्यालं तसं?"

मी उत्तर टाळायला वाकून बघितलं. पुढच्या टोकाला, नाकाच्या जरा वर, चार बोटांएवढी जागा लख्ख होती. तिथे धुळीचा कण नव्हता, आणि मला टँकरखालून ओरडणारा अविनाश आठवला. त्यांच्या लक्षात आलं आणि चोरी पकडल्यासारखा त्यांनी हात पदरात ओढला.

"सकाळी देवाफुडं दिवा लावला की तेवढा ठिवते हात. आता न्हाई लावनार हात. मग तिथंबी बसंल."

"हात लावा, काकू," मी म्हणालो. "रोज लावत जा."