डाव्या हाताची शिकवणी

नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीचा डावा हात कोणत्या मोठ्या डॉक्टरने बरा केला? त्या डॉक्टरीणबाई गेल्या महिन्यात वारल्या, म्हणून आता लिहिते. शिक्षण तिसरी नापास. दवाखाना डोक्यावरच्या माशांच्या टोपलीत.

"हात मेलो नाय, लाडावलो आसा," हे तिचं निदान.

पक्षाघातानंतर मी व्यायामाचा तक्ता भिंतीला लावला होता. चेंडू दहा वेळा दाबणे, मग बरोबरची खूण. खुणा उजव्या हाताने सुरेख येत. डावा मांडीवर पाहुण्यासारखा बसून असे. निऱ्या घालायला दोन हात लागतात, म्हणून मी गाऊनमध्ये. जन्मभर इस्त्रीच्या साडीत इंग्रजी शिकवलेल्या मला, दारात कोणी आलं की आत पळावंसं वाटे. पळताही येत नव्हतं, ही एक सोय.

मासे द्यायला घरात आली, तेव्हा तिने तक्ता न्याहाळला. "हाताक वाचूक येता काय?"

मग कोळंबीचा, म्हणजे आपल्या सुंगटांचा, ढीग पुढ्यात ओतला आणि माझा उजवा हात टॉवेलने खुर्चीला बांधला. तुमचे आजोबा धावत आले.

"गो, ह्यां काय करतस?"

"तुमी चाय करा. बाईंका काम आसा."

आजोबांनी आयुष्यात प्रथमच चहा केला. आजारातलं ते दुसरं संकट.

अर्ध्या तासात एक सुंगट सोललं, तेही चिरडून. "बरां झालां, मांजराची सोय झाली."

तिच्या नवऱ्यालाही होडीवर असाच झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. घरचे त्याला भरवत. तिने ते बंद करून फाटकं जाळं शिवायला त्याच्या मांडीवर टाकलं. "घोवाक भरवलंय, तर तो जल्मभर तोंड उघडूनच बसतलो."

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, चांगला हात थोडाच वेळ बांधा. पण या पद्धतीला शास्त्रात मोठं नाव आहे. मी तिला कौतुकाने सांगितलं.

"नाव ऱ्हवांदे. सुंगटां सोला."

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज सोलली. तिने एकदाही शाबासकी दिली नाही.

तिच्या बाराव्याला तारकर्लीला गेले, साडी नेसून. पाऊण तास लागला, निऱ्या एका बाजूला कलल्या. तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी खुर्ची आणली, उजव्या हाताने, ओढत, थांबत. अंगणात दहा माणसं उभी होती. मदतीला कोणी पुढे झालं नाही. तिने सर्वांना सवयच तशी लावलेली.

"बसा, बाईनू," तो म्हणाला.

त्याचा उजवा हात चालतो. माझा डावाही चालतो.