पिंपळगावचा हिरवा ठिपका

माझं कामच बघण्याचं. आमची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवते. तिची पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज जिथे जिथे आहेत, तिथला प्रत्येक कॉम्प्युटर नाशिकच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर ठिपका होऊन बसलेला असतो. चालू असला तर हिरवा, अडला तर लाल. लाल दिसला की मी इथूनच त्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, दुरुस्ती करतो आणि बाहेर येतो. सीझनमध्ये बूड खुर्चीला चिकटलेलं असतं, पण जीव एका जागी म्हणून राहत नाही. लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताने ठिपके बघत मी जेवलो आहे. बायको म्हणते, घराला आग लागली तरी तुम्ही आधी फोन बघाल.

त्या ठिपक्यांत एक कंपनीचा नव्हता. ऑफिसने काढून टाकलेला एक लॅपटॉप मी पिंपळगावला आईला दिला होता आणि साहेबांना विचारून तोही माझ्या स्क्रीनवर घेतला होता. आई तिथे एकटी राहते. रोज सकाळी लॅपटॉपवर कीर्तन लावून धान्य निवडत बसते. "तू हे चालू केलंस की मला कळतं, तू बरी आहेस," असं मी तिला सांगितलं, तेव्हा ती हरखून गेली. माझी तर फारच सोय झाली. ठिपका हिरवा म्हणजे आई बरी, मग फोन कशाला करायचा?

गेल्या सीझनला, ऐन गर्दीत, आईच्या लॅपटॉपवर चुकीचा पासवर्ड पडल्याची सूचना आली. मग पुन्हा आली. पुन्हा आली. पासवर्ड म्हणजे माझंच नाव. ते टाकायला मीच तिला शिकवलं होतं आणि ती कधी चुकली नव्हती.

मी फोन लावला.

"घरीच हाय रे," ती म्हणाली.

"लॅपटॉप उघडत नाहीये का?"

"उघडला की. कीर्तन लागलंय."

कीर्तन लागलेलं नव्हतं. तिच्या स्क्रीनवरची पासवर्डची रिकामी चौकट मला इथून दिसत होती. माझी आई माझ्याशी खोटं बोलत होती, आणि का, ते काही केल्या कळेना. साहेबांना काहीतरी सांगितलं आणि मोटरसायकल काढली. द्राक्षांच्या टेम्पोंना शिव्या घालत, मध्येच थांबून फोन बघत पिंपळगाव गाठलं. ठिपका सगळा वेळ हिरवाच होता. मला त्या हिरव्याचाच संताप येत होता.

दार उघडंच होतं. लॅपटॉपपुढे शेजारच्या काकू एका बोटाने अक्षरं शोधत बसल्या होत्या.

"आई कुठंय?"

काकू दचकल्या. "आरं, मोतीबिंदूचं आपरेशन हाय तिचं. शिबिराची गाडी आली व्हती काल, लय जणं गेले. मला म्हणली, सकाळी एवढं कीर्तन लाव, त्याबिगर त्याला कळत नाय. पोरगं उगं घोर लावून घेईल."

"पण गेली कुठे?"

"नाशकात."

दवाखाना माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीतला निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी बिचाऱ्या काकूंवरच खेकसलो आणि आल्या रस्त्याने परत फिरलो.

आई खाटेवर बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. तिला धडधाकट बघून बरं वाटलं आणि लगेच रागही उसळला.

"मला सांगता येत नव्हतं? इथे पलीकडे तर बसतो मी!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? चांगला डॉक्टर बघितला असता. गाडी पाठवली असती. खोली घेतली असती."

"तेच म्हणते. समदं तिथं बसूनच केलं असतंस. तू आला नसतास."

भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं म्हणाली.

"आता आलायस तर बस," म्हणत ती सरकली. मी खाटेच्या कडेला टेकलो. खिशात फोन थरथरत होता, कुठेतरी काहीतरी लाल झालं असणार. आईने तोंड अगदी जवळ आणलं आणि उघड्या डोळ्याने मला निरखत राहिली.

"केस केवढे पांढरे झाले रे तुझे," ती म्हणाली. "कवा झाले?"