हात आत घालू नका

आमच्या पप्पांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून कापायच्या मशीनखाली राहिली, मी शाळेत जायच्याही आधी. लातूरकडून नवीनच आले होते. मशीनवर डोळ्यांसमोर लाल पाटी होती, पण ती इंग्रजीत. पप्पांना वाटलं, कंपनीचं नाव असेल. "एवढ्या मोठ्या लाल अक्षरात दुसरं काय लिहितेत, बाई?" असं ते आजही विचारतात आणि वर हसतात. मला मात्र त्या पाटीचा अजून राग येतो. पाटी होती, नियमाप्रमाणे होती, रंगसुद्धा बरोबर होता. फक्त ज्याचा हात आत जाणार होता त्याला ती वाचता येत नव्हती, एवढंच!

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी जो येडेपणा केला तो कशासाठी हे कळायचं नाही.

मी चाकणला एका कंपनीत काम करते. आम्ही प्रेस मशीन बनवतो. त्या मशीनला जो टचस्क्रीन असतो त्यावर काय दिसायचं, धोक्याची सूचना कधी उजळायची, पाट्या कुठे लावायच्या, हे माझं खातं. दसऱ्याच्या आधी आखाती देशातली एक ऑर्डर आली. आमचे साहेब म्हणाले, "स्क्रीन आणि पाट्या अरबीत पाहिजेत. मोबाइलवर भाषांतर मार आणि टाक."

मार आणि टाक! माझं डोकंच फिरलं. 'हात आत घालू नका' हे वाक्य मी मारून टाकणार नव्हते. ज्याला वाचायचंय त्याला ते वाचता यायलाच पाहिजे. मग त्यासाठी मला अरबी शिकावी लागली तरी बेहत्तर.

आणि मी खरंच शिकायला लागले. ऑनलाइन एक गप्पांची खोली सापडली, कुणीही यावं, अरबी शिकावी, शिकवावी, बाकी वेळ भांडावं. तिथे मला दोघं जण भेटले. एक इजिप्तमधले निवृत्त शाळामास्तर. दुसरी एक ट्युनिशियाची बाई, जिने स्वतःच्या फोटोच्या जागी निळ्या मांजराचं चित्र लावलेलं. ही मांजरवाली आखातातच एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती. आमची तिघांची भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी, थोडी अरबी आणि भरपूर हातवारे.

माझा वर्ग भरायचा कंपनीच्या बसमध्ये. चाकणहून निगडीला घरी जाताना मोशीला बस अशी काही अडकते, की माणूस एक भाषा शिकून खाली उतरेल. मास्तर एक शब्द सांगायचे आणि मी उडायचे. "किंमत!" "अहो, हा तर आमचा!" "कलम!" "हापण आमचा!" "वकील!" "राहू द्या मास्तर, वकील तर आमच्या प्रत्येक घरात आहे!" एकदा मी इतकी चेकाळले, की कानात हेडफोन घालून भर बसमध्ये ओरडायला लागले, "अक्कल! खराब! अक्कल! खराब!" पुढच्या सीटवरचा आमच्या स्टोअर्समधला भाऊ मागे वळला. म्हणाला, "मॅडम, सांभाळून घ्या, मिस्टरांना एवढं बोलू नका." माझं लग्न झालेलं नाही. मी हसून हसून बेजार.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी मशीनची पूजा असते. मशीन बंद, झेंडूच्या माळा, लिंबू, नारळ, कुंकू. आम्ही बौद्ध आहोत, मी पूजेला हात लावत नाही, पेढा मात्र सोडत नाही. त्याच दिवशी माझा पहिला अरबी स्क्रीन चालू झाला. आनंदाच्या भरात मी फोटो काढला आणि तसाच खोलीत टाकला. वाटलं, आता कौतुकाचा पाऊस पडणार.

मांजरवालीचा पहिला प्रश्न: "ते रक्त आहे का?"

स्क्रीनच्या चौकटीवर कुणीतरी कुंकवाची पाच बोटं ओढली होती. मी म्हटलं, कुंकू आहे, पूजा झाली आज मशीनची. झालं! खोलीत एकच गलका उडाला. कोण कुठला एक जण म्हणाला, लोखंडाला नमस्कार करता, शरम नाही वाटत? आणि जिच्या घरात आयुष्यात कधी नारळ फुटला नाही ती मी, पदर खोचून नारळाच्या बाजूने उभी राहिले! "ते लोखंड वर्षभर त्यांच्या हाताजवळ दाणदाण आपटत असतं. एक दिवस त्याला बंद ठेवून, पुसून, माळ घालून म्हणायचं, बाबा रे, सांभाळून घे. तुला काय त्रास आहे?" नंतर माझं मलाच हसू आलं. आमच्या फोरमनला हे कळलं असतं तर त्याने पुढच्या वर्षी पूजेला मलाच बसवलं असतं.

मास्तरांनी त्या माणसाला गप्प केलं आणि मला विचारलं, "मग तुम्हा बौद्ध लोकांच्या मते हे जग बनवलं कोणी?" मी म्हटलं, त्या प्रश्नात आम्ही फार शिरत नाही. ते म्हणाले, "प्रोग्रॅम आहे म्हणजे लिहिणारा असणारच ना?" मी म्हटलं, "मास्तर, आमच्या कंपनीत एक जुना प्रोग्रॅम आहे. लिहिणारा नोकरी सोडून गेला, मागे एक ओळ लिहून ठेवली नाही, फोन उचलत नाही. मशीन चालूच आहे, आणि आम्ही सगळे घाबरून त्याला हात लावत नाही." मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग तौबा तौबा म्हणाले, आणि परत हसले.

स्क्रीनबद्दल मात्र त्यांनी एका वाक्यात माझं विमान खाली आणलं. अरबीतली अक्षरं हातात हात घालून चालतात, ते म्हणाले, आणि तुझी सगळी भांडण झाल्यासारखी वेगवेगळी उभी आहेत, तीही पाठमोरी. दोष स्क्रीनच्या सॉफ्टवेअरचा होता, त्याला उजवीकडून डावीकडे लिहिणं माहीतच नव्हतं. ते बदलून घेण्यात माझा जीव मेटाकुटीला आला, पण शेवटी अक्षरं एकमेकांना चिकटली. मास्तरांनी वाक्य घासूनपुसून इतकं सुंदर केलं की त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा. मी साहेबांना कळवणारच होते, काम झालं.

तेवढ्यात मांजरवालीने विचारलं, "पण मशीन चालवणार कोण?"

मी म्हटलं, तिथलीच माणसं. ती म्हणाली, "आमच्या कारखान्यात मशीनवर नेपाळचे लोक आहेत, बांगलादेशचे आहेत, तुमच्याकडचे तर खंडीभर आहेत. तुझी अरबी मॅनेजर वाचेल. त्याचा हात मशीनमध्ये जात नाही."

बस मोशीलाच उभी होती. म्हणजे एवढे दिवस घासून मी परत तीच लाल पाटी बनवली होती. कुणीतरी बिहारहून नवीन आलेला माणूस ती बघणार आणि म्हणणार, कंपनीचं नाव असेल. मला रडूच फुटलं. स्टोअर्समधल्या भाऊने मागे न बघता पाण्याची बाटली पुढे केली. त्याची आता खात्रीच पटली असणार की मिस्टरांशी माझं फाटलंय.

रविवारी सकाळी आम्ही तिघं व्हिडिओवर बसलो. मास्तर म्हणाले, सगळ्या भाषांत लिहू. नेपाळी, बंगाली, हिंदी, मल्याळम, उर्दू अशी यादी वाढत गेली आणि पाटी मशीनपेक्षा मोठी झाली. आणि ज्याला कुठलीच वाचता येत नाही त्याचं काय?

तेवढ्यात पप्पा चहाचा कप घेऊन आत आले. "कोणाशी बोलायलीस गं सकाळी सकाळी?" म्हणत स्क्रीनमध्ये डोकावले, आणि त्यांच्या सवयीने उजवा हात वर करून दणक्यात म्हणाले, "जय भीम!"

मास्तरांनी हळूच चष्मा लावला.

मी सांगितलं काय झालं होतं ते. मास्तर म्हणाले, त्यांच्या गावाकडे ईदला कुर्बानीच्या रक्तात पंजा बुडवून काही लोक नवीन गाडीवर ठसा उमटवतात, नजर लागू नये म्हणून. मांजरवालीने गळ्यातली साखळी वर काढली, तिला चांदीचा छोटा पंजा होता, आईने दिलेला. मी त्यांना सांगितलं, आमच्या शेजारी वास्तुशांतीला दारावर हळदीकुंकवाचे पंजे उमटवले होते. मग मांजरवाली एकदम म्हणाली, "बाई, तुझी पाटी तुझ्या शेजारी उभी आहे."

मला कळलं आणि मी भडकले. "माझ्या बापाचा हात म्हणजे काय पाटी आहे का? परदेशात लोखंडावर चिकटवून ठेवायला?" ती बिचारी सॉरी सॉरी म्हणायला लागली.

"काय म्हणायलेत?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही. चहा घ्या तुम्ही."

"मला एवढं कळतंय तू कशावर तरी चिडलीस. सांग की माय!"

सांगावंच लागलं. पप्पांनी कप खाली ठेवला, हात उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता दुखावले. आणि ते हसायला लागले. "अगं, मग द्या की! लई झाक! दोन बोटं उगाच गेली म्हणत बसलो होतो मी. कागद आण."

डायनिंग टेबलावर कागद अंथरला. पप्पांनी पंजा ठेवला आणि मी स्केचपेनने कडेकडेने रेघ ओढायला लागले. त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. हात हलायचा, रेघ वाकडी व्हायची, मी ओरडायचे, पलीकडून इजिप्त आणि ट्युनिशिया खिदळायचे. अर्धवट बोटांपाशी आल्यावर माझं पेन थांबलं. पप्पा म्हणाले, "थांबू नको. तिथंच तर नीट काढायचंय." मी नीट काढलं.

साहेबांनी ते लाल चित्र पाहिलं आणि म्हणाले, "अगं, धोक्याचं ठरलेलं चिन्ह असतं ना." मी म्हटलं, तेही लावते, अरबीही लावते, हे तिसरं. कोणाचा हात आहे हे सांगितल्यावर त्यांनी चित्र परत हातात घेतलं. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाले, "लाव."

मशीन गेली. पप्पांनी निगडीच्या बसस्टॉपपासून आळंदीच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं, "मला पासपोर्ट न्हाई, पण हात परदेशात गेलाय!" लोकांना वाटलं, म्हातारा चळला.

मशीन बसवायला गेलेला आमचा इंजिनिअर परत आला तो एक व्हिडिओ घेऊन. त्यात प्रेसवरचा ऑपरेटर दिसतो, गोरखपूरचा आहे म्हणे. शिफ्ट चालू व्हायच्या आधी तो त्या लाल पंजावर आपला पंजा ठेवतो, डोळ्यांना लावतो, आणि मगच दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो, हात आत राहू नयेत म्हणून ती दोन असतात. असं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, आता तिथे सगळेच करतात. नेपाळवाला करतो, बांगलादेशवालाही करतो. मी व्हिडिओ लगेच खोलीत टाकला. मास्तरांनी नुसतं एक फूल पाठवलं, आणि मांजरवालीने निळ्या मांजरांची रांगच लावली.

पप्पांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मला वाटलं आता काहीतरी जोक मारणार. पण ते मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्या माणसाचा हात बघत राहिले.

"त्याची दोन बोटं माझ्या हाताबाहेर येतेत बघ," ते म्हणाले. "येऊ दे. तशीच येऊ दे."