कमरेचा पट्टा

नव्या पट्ट्याला कोऱ्या ताडपत्रीसारखा एक उग्र वास असतो. चैत्रातल्या सकाळी, अंगणातल्या निंबाच्या सावलीत उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं आणि तो वास अंगावर आला, तेव्हा क्षणभर मला कळेना, की ही आजाऱ्याची सोय चालली आहे की शर्यतीची तयारी! तांबडाभडक, तीन बोटं रुंद, चार टोकांचा तो पट्टा आसनावर पसरला होता. दोन टोकं कमरेची, दोन खांद्यांची. बंधन आणि आधार या दोन शब्दांत अंतर असतं तरी किती?

माझे पती वसंत पाटबंधारे खात्यात कारकून होते. आठवडाभर फायलींत मान घालून बसणारा हा अबोल माणूस तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत उतरत असे, हे बुलढाण्यात फार थोड्यांना ठाऊक. गाडी तयार करायचे ते त्यांचे मित्र सलीमभाई. गावातले जुने मिस्त्री. पहिला क्रमांक कधी आला नाही. तिसरा एकदा आला. त्या पितळी चषकात मी वर्षानुवर्षं उदबत्त्या ठेवल्या. मुलगी झाली आणि शर्यती सुटल्या, कुणी सोडायला न सांगताच. किती गोष्टी माणूस अशा निमूटपणे सोडून देत असेल!

मग निवृत्तीनंतर दोनच वर्षांत शरीर त्यांना सोडू लागलं. आधी बोटं, मग मान, मग पाठ. स्नायू विझत जाण्याचा तो आजार. त्याला औषध नव्हतं. अकोल्याला डॉक्टरांकडे जाताना गाडी मी चालवीत होते. एका स्पीडब्रेकरवर ते नेहमीच्या पट्ट्याखालून घसरले आणि पट्टा गळ्याशी आला. गाडी कडेला घेऊन मी त्यांना काखेत धरून वर ओढत होते, तर ते पुटपुटले, "शर्यतीत गाडी उलटली तवाबी मी सीटवरून हाललो नोतो."

घरी येताच त्यांनी सलीमभाईंना बोलावून घेतलं. माळ्यावरचा जुना शर्यतीचा पट्टा निघाला. सलीमभाईंनी तो बोटांत मुडपून पाहिला आणि मान हलवली. "हा गेला, भाभी. धागा कडक झाला. याच्यावर वसंतभाईले बसवू नका." आठ दिवसांनी ते नवा पट्टा घेऊन आले. आसनाच्या दोन्ही बाजूंना गाडीच्या तळाला भोकं पाडून, खालून जाड लोखंडी पट्ट्या देऊन त्यांनी बोल्ट आवळले. अंगणात खुर्चीवर बसलेले वसंत क्षीण आवाजात सांगत होते, "आणखी पुढं घे, सलीम. पट्टा कमरेवरून खाली उतरला पाह्यजे, सरळ आडवा नको."

मग माझी शिकवणी सुरू झाली.

"कमरेचा पट्टा पह्यले. खांद्याचे मंग. खांद्याचे आधी ओढले तं खालचा पोटावर चढते."

मी पट्टा लावला. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. "पोटावर नाही. खाली. दोन्हीकडचं हाड सापडलं पाह्यजे."

चाळीस वर्षांच्या संसारात या देहाची हाडं मी कधी शोधली नव्हती. हाताला ती लागली, पट्टा त्यांच्यावर बसवला, पण ओढायचं काही होईना.

"ओढ."

"तुमाले दुखन."

"दुखू दे. ढिल्ला पट्टा म्हंजे बांधलाच नाही."

मी ओढला. ते आसनाला चिकटून ताठ बसले, आणि कित्येक महिन्यांनी मला त्यांचा चेहरा मानेच्या रेषेत, सरळ समोर पाहणारा दिसला. केवढं देखणं असतं माणसाचं नुसतं ताठ बसणं!

पुढे दर फेरीला पट्टा थोडा आवळावा लागे. आधी बोटभर, मग दोन बोटं. हाडं शोधावी लागेनाशी झाली. तीच हाताला सामोरी येत. एकदाच, मी टोक ओढत असताना ते म्हणाले, "मी कमी होऊन राह्यलो ना?" मी उरलेलं टोक दुमडून खोचून टाकलं.

आश्विनात एका सकाळी त्यांनी राजूर घाट मागितला. मलकापूरच्या बाजूला उतरणारा तो रस्ता त्यांच्या सरावाचा. आवाज जवळजवळ गेलेला. वळण आलं की उजव्या हाताचं एकच बोट उचलत. मी प्रत्येक वळणावर भीतीनं ब्रेक दाबत होते. मधल्या मोठ्या वळणाआधी ते कष्टानं म्हणाले, "वळणाच्या आधी दाब. आत गेली का सोड."

मी सोडला. गाडी रेष ओढल्यासारखी वळली. मी एका अंगाला कलले, दरी क्षणभर काचेत आली आणि गेली. ते मात्र तसूभर हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

दिवाळीच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर सलीमभाई पाना घेऊन आले. "पट्टा काढून टाकतो, भाभी. पाह्यसान तं जीव जळन." मी हो म्हटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दार उघडून मी त्या आसनावर जाऊन बसले. आजवर मी कायम दुसऱ्या बाजूला, स्टिअरिंगच्या मागे होते. कमरेची दोन टोकं उचलली, हाडांवरून घेतली आणि जोडायला गेले.

ती जुळेनात. मध्ये वीतभर जागा उरत होती.

पट्टा त्यांच्या शेवटच्या मापावर होता. एवढासाच माणूस मी घाटातून नेऊन आणला होता, आणि मला तो सबंध वाटला होता!

"ढिल्ला करून देऊ का, भाभी?" सलीमभाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. दोन्ही टोकं हातात धरून मी बसून राहिले. सलीमभाईंनी पाना खिशात ठेवला आणि ते गाडीला पाठ टेकून बाहेर उभे राहिले.