मारुतीचा भंडारा आणि एकटी पडलेली आकाशगंगा

यंदाच्या हनुमान जयंतीला आमच्या मारुतीपुढं भंडारा झाला. होतो की नाही, या काळजीनं मला अन्न गोड लागत नव्हतं...

पैठण रोडवरचं आमचं गाव शहरानं कधीच पोटात घेतलं. देऊळ तेवढं उरलंय, चहूकडून बिल्डिंगा. त्यात हा दुष्काळ... बोअर आटलेलं, टँकरचा भरवसा नाही. जुनी घरं मोजकीच. येणार कोण आणि स्वयंपाकाला पाणी आणायचं कुठून?

आदल्या दिवशी नात मोबाईलवर एका आकाशगंगेचा फोटो बघत होती. ती विज्ञान शिकते, मी सातवीत शाळा सोडलेली. तिनं समजावलं, की आकाशगंगांचेही समूह असतात. त्यातली मोठी हळूहळू शेजारच्यांना ओढून घेते आणि अब्जावधी वर्षांनी तीच एक मोठी उरते. भोवती बारक्या काही, आणि लांबवर पसरलेला तापलेला वायू... एवढ्या वायूवरून कळतं, की इथं कधीकाळी मोठा गोतावळा होता. त्याला जीवाश्म समूह म्हणतात, फोटोतला तसाच.

मला आमचं शहरच दिसलं. विचारलं, "मग गिळलेल्यांचं काय होतं गं?"

"त्यांचे तारे तिच्यातच फिरत राहतात, आबा. आणि कधी बाहेरून नव्या आकाशगंगा येतात. मग तो समूह जीवाश्म राहत नाही."

हे शेवटचं काही मला पटलं नाही. आचाऱ्याला सांगून टाकलं, जुन्या घरांपुरताच भात टाक.

पंगतीच्या वेळी बघतो तर बिल्डिंगांमधली माणसं रांगेनं येतायत... कुणाकडं कॅन, कुणाकडं कळशी. माझ्या बालमित्रानं, दगडूनं, परस्पर त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला होता, जेवायला या, येताना पाणी आणा.

मी चिडलो, तर म्हणतो, "तुला इचारलं असतं तर तू नायच म्हणला असता."

भात तर थोडाच. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "काका, पाणी कुठं ओतू?" त्याच पाण्यावर दुसरं पातेलं चढलं.

वाढता वाढता नात म्हणाली, त्या आकाशगंगेचा उजेड इतक्या दुरून यायला अब्जावधी वर्षं लागतात, फोटोत दिसतं ते तेव्हाचं. म्हणजे तिथंही आता नव्या आकाशगंगा येऊन बसल्या असतील... माझ्याही डोळ्यांत गावाचा जुनाच फोटो होता.

पाणी आणणाऱ्यांची नावं मला अजून माहीत नाहीत. पुढच्या भंडाऱ्याच्या आत घरोघर जाऊन विचारणार आहे.